तिसरे इंजेक्टर आणि नोझलमास्तर

फवारणीपंपाचे नोझल सुईने किंवा पिनेने साफ करू नये, असा कायदा कोणत्याही सरकारने अद्याप केलेला नाही. हिवरखेडात मात्र तो गेली बावीस वर्षे लागू आहे, आणि त्याचे कर्ते, अंमलदार व न्यायाधीश हे तिघेही एकाच पायजम्यात वावरतात. त्यांचे नाव सूर्यभानजी. सात एकर काळ्या वावराचे धनी, वय त्रेसष्ट, अंगकाठी तुराटीसारखी, आणि आवाज मात्र असा की शेजारच्या शेताच्या धुऱ्यावरच्या माणसाने आपल्यालाच हाक मारली असे समजून मागे पाहावे. गावाने त्यांना ‘नोझलमास्तर’ ही पदवी दिली ती मुळात थट्टेने. वापरात थट्टा झिजली आणि पदवी तेवढी शिल्लक राहिली.

त्यांचे शास्त्र दोन वाक्यांत मावते. ते मात्र त्याला पाव तास घेतात. “भोक मोठं झालं का थेंब मोठा होते. मोठा थेंब पानावर टिकत नाई, घरंगयून खाली जाते. मंग औषध पिते माती, आन् अळी पानावर बसून तुमचा तमाशा पायते!” नोझल तुंबले तर ते पाण्यात भिजवावे, मऊ ब्रशाने घासावे, फार तर उलट्या बाजूने पाणी सोडावे. सुई, पिन, बाभळीचा काटा, सायकलच्या ब्रेकची तार ही सारी पापाची हत्यारे होत. नोझलाला तोंड लावून फुंकणाऱ्याशी तर ते दोन दिवस बोलत नाहीत. विषाला तोंड लावणाऱ्या माणसाला अक्कल शिकवण्यात अर्थ नाही, असे त्यांचे मत आहे.

दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी किशोरच्या कृषी केंद्राच्या ओट्यावर ‘पंपपाहणी’ भरते. लोक पंपात साधे पाणी भरून आणतात. सूर्यभानजी शाळेतल्या पोरांची काळी पाटी हातभर अंतरावर धरतात, पंपवाल्याने एक क्षण फवारा सोडायचा, आणि मग ते पाटीवरचे थेंब अशा बारकाईने वाचतात की एखाद्या ज्योतिष्याने पत्रिका ठेवून निघून जावे. थेंब सारखे असतील तर पंपाच्या टाकीवर खडूची खूण. नसतील तर ते पाव तासाचे भाषण, सर्वांसमक्ष, नोझल तळहातावर धरून उभ्याने ऐकायचे. तंटामुक्तीच्या बैठकीत ज्यांचे एकमेकांशी पटत नाही असे लोकही या बाबतीत एकमताचे आहेत, की त्यापेक्षा पोलीस पाटलाने बोलावलेले बरे.

असा हा माणूस. आणि यंदा पाहणीला चार दिवस उरले असताना त्याने स्वतः सुई घातली. ती पंपाच्या नोझलात घातली असती तर गोष्ट निदान घरच्या घरी मिटली असती. ती घातली गाडीच्या इंजेक्टरात.

गाडी म्हणजे वीस वर्षांची पांढरी पेट्रोलगाडी. मुलगा नितेश अमरावतीला असतो. त्याने नवी घेतली तेव्हा जुनी आईबापाकडे आणून सोडली. होळीपासून जूनपर्यंत ती गोठ्यात कडब्याच्या गंजीशेजारी उभी होती, टाकीत तळाला थोडे पेट्रोल ठेवून. जूनमध्ये तिला हाक मारली तेव्हा ती उठली खरी. पण बैलाने माशी उडवताना कातडी थरथरवावी तशी उभ्या उभ्या थरथरू लागली. रस्त्यावर काढली तर चढावर दम सोडी. किशोरने बोनेट उघडून पाहिले आणि निदान केले, “मास्तर, इंजेक्टर तुंबले. चार महिने पेट्रोल आतच आटलं, त्याचा डिंक झाला.”

“इंजेक्टर काय असते?”

“तुमच्याच खात्यातलं हाये. इंजिनातलं नोझलच म्हना ना. पेट्रोलचा फवारा मारते.”

हे ऐकल्यावर सूर्यभानजींनी गाडी मिस्त्रीकडे नेली असती, तर ते सूर्यभानजी नव्हेत. बुधवारी सकाळी त्यांच्या पत्नी मैनाबाई वावरात निंदणाऱ्या बायांकडे गेल्या, आणि मास्तरांनी मोबाइलवर दोन चित्रफिती पाहून काम आरंभले. दोन बोल्ट काढले, चारही इंजेक्टर ज्या नळीला लागलेले असतात ती नळी उचलली, आत कोंडलेल्या पेट्रोलची एक चिळकांडी बनियनवर घेतली, आणि बोटाएवढी ती चार नोझले पातेल्यात भिजत घातली. सारे शास्त्राप्रमाणे. दात घासायच्या जुन्या ब्रशाने तीन इंजेक्टरांची तोंडे उजळली. तिसऱ्या नंबरच्या टोकावर मात्र एक काळा, चिवट ठिपका हलेना. भिजवला, घासला, पुन्हा भिजवला. आजूबाजूला म्हशीखेरीज कोणी नव्हते. खुंटीवरच्या अर्धवट गोधडीत सुई टोचलेली होती. ज्ञान माणसाच्या डोक्यात राहते आणि सवय मनगटात. त्या दोघांची गाठ रोज पडतेच असे नाही. मास्तरांचे बावीस वर्षांपूर्वीचे मनगट गोठ्यात परत आले, सुई काढून घेतली, ठिपक्यात दोनदा फिरवली, आणि काम झाल्यावर निघून गेले. मागे उरलेल्या सूर्यभानजींनी म्हशीकडे पाहिले. म्हैस रवंथ करीत होती.

सारे परत जोडून किल्ली फिरवली, तर गाडी आधी थरथरत होती ती आता लंगडू लागली, आणि सायलेन्सरमधून काळा धूर सोडू लागली. पेट्रोलचा वास चुलीपर्यंत गेला.

येत्या रविवारी पाहणी. ही गोष्ट फुटली, तर पाटी धरायला हात वर कोणत्या तोंडाने करायचा, या विवंचनेत मास्तरांनी ती रात्र कुशी बदलण्यात घालवली. तालुक्यातल्या मिस्त्रीकडे जाण्याची सोय नव्हती. तिथे चहा पिणारी निम्मी माणसे हिवरखेडची. म्हणून गुरुवारी पहाटे त्यांनी गाडी अकोल्याच्या वाटेला लावली. अकोल्यात रऊफ मिस्त्रीचे गॅरेज त्यांना माहीत होते. मैनाबाईही न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसल्या.

“तुले काय काम अकोल्यात?”

“हाये एक,” मैनाबाई म्हणाल्या, आणि आपल्या बाजूची काच खाली केली.

रऊफ मिस्त्रींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून बारीक कामे त्यांची मुलगी गजाला पाहते. तिशी नुकतीच ओलांडलेली, तंत्रनिकेतनाची पदविका घेतलेली, चार वर्षे अमरावतीच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये काढून परत आलेली. रऊफभाई आता दाराशी खुर्ची टाकून आल्यागेल्याचे स्वागत करतात. इंजेक्टरांचा कारभार पूर्णपणे गजालाचा, आणि त्या कारभाराची एक खास रीत आहे. भिंतीवर प्लायवूडची फळी, फळीवर खिळ्यांच्या रांगा, आणि प्रत्येक खिळ्याला एकेक मेलेले इंजेक्टर दोऱ्याने लटकवलेले. त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर गाव आणि मरणाचे कारण. मालकाचे नाव कधीही नाही. ‘मूर्तिजापूर. दोन वर्षे उभी. पेट्रोलचा डिंक.’ ‘धारणी. कॅनमधले पेट्रोल, कॅनमध्ये आधी मोहाचे तेल.’ ‘अमरावती. मेव्हणा.’ गिऱ्हाईक चहा येईपर्यंत ही फळी वाचते. गॅरेजात वर्तमानपत्र घेण्याची कधी गरज पडलेली नाही.

“या या, सूर्यभानभाऊ!” रऊफभाईंनी आवाजावरून ओळखले. “गजाला, हे हिवरखेडचे नोझलमास्तर. यायच्या समोर फवाऱ्याची गोष्ट जरा अदबीनं करजो.”

मास्तरांना ही ओळख आज अगदी नकोशी होती.

“काकाजी, गाडी कवापासून मिसिंग मारून राहिली?” गजालाने विचारले.

“जूनपासून. म्हन्जे, थरथर जूनपासून. लंगडून राहिली... काल-परवापासून.”

“मंग काल-परवा काय झालं?”

“काई नाई. वय झालं तिचं.”

गजालाने इंजिन चालू ठेवले आणि एकेका इंजेक्टरची विजेची तार काढून परत लावू लागली. पहिल्याची काढली, इंजिन धापा टाकू लागले. दुसऱ्याची काढली, तसेच. तिसऱ्याची काढली, तर इंजिनाला त्याचा पत्ताही नाही. चौथ्याची काढली, पुन्हा धापा.

“घरातला कामचोर असाच सापडते, काकी,” ती मैनाबाईंना म्हणाली. “जो गेला तरी कोनाचंच अडत नाई, थोच.”

मैनाबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहून घेतले.

परंतु गजाला पहिल्या पुराव्यावर फाशी देणाऱ्यांपैकी नव्हती. तिसऱ्या नंबरचा दोष ठिणगीचाही असू शकतो. म्हणून तिने पहिल्याचा आणि तिसऱ्याचा स्पार्क प्लग आपसात बदलून पाहिला. दोष जागचा हलला नाही. मग लांब पेचकसाचे टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावून तिने ऐकले. आत टिकटिक नियमित होती, म्हणजे वीज पोचत होती. शेवटी तिसऱ्याचा काढलेला प्लग तिने उजेडात धरला आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

“हे काई जमून नाई राहिलं. इंजेक्टर तुंबलं तर पेट्रोल कमी येते. प्लग कोरडा अन् पांढरा असाले पायजे, उपाशी मानसाच्या जिभेसारखा. हा तर काया अन् वला. याले कोनी तरी हंड्यानं पाजून राहिलं.”

“असं होते कधी कधी,” मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात प्रथमच उच्चारले. कोणत्याही घटनेला कारण असतेच, असा त्यांचा आजवरचा लौकिक होता.

चारही इंजेक्टर टेबलावरच्या यंत्रावर चढले. खाली चार काचनळ्या, वरून फवारा. साफ करण्याआधीची स्थिती पाहण्यासाठी गजालाने कळ दाबली. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्याचे फवारे आजाऱ्याच्या खोकल्यासारखे निघाले, एका अंगाला झुकलेले, तुटक. तिसऱ्याचा मात्र फवाराच नव्हता. नळाची तोटी सोडावी तशी सरळ धार होती. मग चौघांचीही रवानगी एका छोट्या टबात झाली. त्यातला द्राव कानाला ऐकू न येणाऱ्या लहरींनी थरथरत असतो, आणि त्याच वेळी प्रत्येक इंजेक्टरला विजेचे झटके देऊन त्याचे तोंड उघडझाप करवतात, म्हणजे आतला डिंक सुटून बाहेर येतो. अर्ध्या तासात द्रावात तपकिरी दोरे तरंगू लागले. मास्तर आपली चिंता विसरून टबावर वाकले होते.

“ना ब्रश, ना काई,” ते पुटपुटले. “मैल आपल्या पायानं चालत भायेर येऊन राहिला. वा!”

पुन्हा यंत्र. यावेळी पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्याच्या तोंडून असा काही दाट, बारीक, उमलत जाणारा फवारा निघाला की मास्तरांचा हात आपोआप पाटी धरल्यासारखा पुढे झाला. “हे पाय, हे पाय! हा पानाच्या खालूनबी चिकटन!” तिन्ही काचनळ्यांत पेट्रोल सारख्याच उंचीवर आले. तिसऱ्याची धार मात्र जशीच्या तशी, नळी दुप्पट भरलेली; वर कळ बंद केल्यावरही टोकाला एक थेंब जमे आणि टपकन पडे.

गजालाने ते भिंगाखाली धरले आणि मास्तरांना जागा करून दिली. “टोकाच्या पत्रीले चार बारीक भोकं असतात. यातले दोन फाटून एक झाले. अन् हा ओरखडा पाहा, कसा चमकून राहिला. तुमाले काय वाटते?”

मास्तरांनी भिंगात पाहिले. बावीस वर्षांत त्यांनी शेकडो फाटकी नोझले पाहिली होती, पण एकही त्यांच्याकडे असे रोखून पाहत नव्हते.

“टाकीतला कचरा असंन,” ते म्हणाले.

“मले वाटलं कोनी सुई घातली का काय.”

“सुई!” आवाज दारापर्यंत गेला, कारण तो तसाच जायचा. “नोझलात सुई?”

“अशे मानसं असतात म्हने,” खुर्चीवरून मैनाबाई म्हणाल्या. “तुमीच तर सांगता. कशे असतात ते मानसं?”

आता माघार घेणे म्हणजे कबुली देणे. मास्तरांनी घसा साफ केला आणि भाषण सुरू केले. सुई घालणारा माणूस आळशी असतो, कारण त्याला भिजवायला वेळ नसतो. तो अडाणी असतो, कारण भोक आणि खड्डा यांतला फरक त्याला कळत नाही.

“आन् डोक्यानं?” मैनाबाईंनी विचारले.

“डोक्यानं बयाड!”

“घरच्या मानसाचं ऐकते का थो?”

“कोनाचंच ऐकत नाई!”

“लोकायले मात्र लय शिकवत असंन.”

मास्तरांचा सूर इथे जरा हलला, पण गाडी उतारावर होती. “अशा मानसाले,” ते म्हणाले, “नोझल हातात देऊन उभं केलं पायजे, चार लोकायसमोर!” आणि मग एकदम खाली बसले. रऊफभाईंनी दारातून दाद दिली, “वा, मास्तर, क्या बात!”

गजाला शांतपणे म्हणाली, “बरं. तुमी म्हनता तर सुई नाई.” तिने पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, त्यावर लिहिले, तिसरे इंजेक्टर दोऱ्यात ओवले आणि फळीवर लटकवून दिले. मग चहा सांगितला.

मास्तर जिंकले होते. पाहणी वाचली होती, पाटी वाचली होती. चहा येईपर्यंत त्यांनी फळी वाचायला घेतली. मूर्तिजापूर वाचले, धारणी वाचले, मेव्हण्यावर हसले. शेवटच्या खिळ्यावर आले. ‘हिवरखेड. टाकीतला कचरा.’ ते पुढे सरकले. पुढे काही नव्हते. पुन्हा तीच चिठ्ठी वाचली. चहा आला, बशीत ओतला, बशी निवली. चिठ्ठी पायातल्या काट्यासारखी सलू लागली. उद्या कोणीतरी जाणता माणूस इथे उभा राहील, भिंगातून पाहील, आणि म्हणेल, हे निदान कोणत्या गाढवाने केले? आणि खाली गावाचे नाव: हिवरखेड.

“पोरी,” ते उठून म्हणाले, “हे चूक हाये.”

“काय चूक?”

“कचरा आतून येते. हा ओरखडा भायेरून आत गेला. कडा कोनीकडं वयल्या पाय ना तू.”

“मंग पेट्रोलसंगं वाळू आली असंन.”

“वाळू आली तर चारी भोकं घासंन, दोनच काहून? आन् आली तर पयले फिल्टर नाई का लागत? आन् समज फिल्टर फाटलं. तरी एक, दोन आन् चार नंबरानं असं काय पुण्य केलं होतं का वाळू त्यायच्या वाटंले गेली नाई?” मास्तर आता रंगात आले होते. बावीस वर्षांत त्यांच्या निदानाला कोणी हरवले नव्हते, आणि समोरचा पक्ष आपलाच आहे याचे भान त्यांना राहिले नव्हते. “हे भायेरून आलं. बारीक हाये. टोकदार हाये. दोनदा फिरलं, हा पाय एक ओरखडा, हा दुसरा. आन् लोखंडाचं हाये.”

“दाभन?” गजालाने विचारले.

“दाभन जाड असते! दाभनानं पत्रीच फुटली असती. सुई हाये ही. गोधडीची.”



“कोनाची?” गजालाने विचारले.

“माही,” मैनाबाई म्हणाल्या. “कालपासून पेट्रोलचा वास येऊन राहिला तिले. गोधडीलेबी लागला. थ्या सुईचं काय झालं, हेच पायाले आली होती मी अकोल्याले.”

मास्तरांनी बायकोकडे वळून पाहिले. “तुले माईत होतं? मंग मगा बोलली काहून नाई?”

“तुमी त्या मानसाले केवढं बोलून राहिले होते,” मैनाबाई म्हणाल्या. “चाळीस वर्सांत पयल्यांदा कोनी बोललं. मले लय बरं वाटलं.”

रऊफभाई हसता हसता खुर्चीवरून घसरले, त्यांना सावरावे लागले. गजाला मात्र हसली नाही. तिने चिठ्ठी उतरवली, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिण्यासाठी पेन उघडले आणि वाट पाहू लागली.

“गाव लिवाच लागते का?” मास्तरांनी विचारले.

“काकाजी, तुमीच सांगा. खोटं लिवलं तर उद्या माह्यासारखी दुसरी कोनी त्या गाडीची टाकी उतरवत बसंन, फुकटची.”

हा युक्तिवाद मास्तरांच्याच जातकुळीचा होता. “लिव,” ते म्हणाले.

फाटलेले इंजेक्टर पुन्हा शिवता येत नाही. गजालाने भंगारात निघालेल्या तशाच एका गाडीचे इंजेक्टर आणवले, टबात घातले, उरलेल्या तिघांशेजारी यंत्रावर चढवून चारही काचनळ्या एका पातळीवर आल्याची खात्री केली, नव्या रबरी रिंगा घालून सारे बसवले. टाकीतले जुने पेट्रोल काढून नवे भरायला लावले, आणि यापुढे गाडी आठवड्यातून एकदा तरी चांगली पाच-दहा कोस फिरवायची, अशी ताकीद दिली. परतीच्या वाटेवर गाडी अशी धावली की मैनाबाईंना झोप लागली. मास्तर जागेच होते. चिठ्ठीवर नाव नव्हते, पण गुरुवारी अकोल्याला गेलेली हिवरखेडची पांढरी गाडी एकच होती. त्यांच्या मागून अकोल्याहून हिवरखेडकडे येणाऱ्या वाहनांत किती जण फळी वाचणारे असतील, याचा ते अंदाज घेत होते.

अंदाज कमीच निघाला. रविवारी ते ओट्यावर गेले तेव्हा चाळीसेक माणसे पंप पाठीला लावून उभी होती आणि सगळी विलक्षण सभ्यपणे वागत होती. कोणी खाकरेना, कोणी थट्टा करेना. हिवरखेडात एवढी सभ्यता मयतीलाही नसते. मास्तरांनी पाटी उचलली, तोच मागून कोणीतरी अत्यंत नम्रपणे विचारले, “मास्तर, गाडीच्या नोझलाले कोन्त्या नंबरची सुई चालते?”

कोणी हसले नाही. ते जास्त वाईट होते. चाळीस माणसे ओठ आवळून उभी होती. मास्तरांनी पाटी खाली ठेवली. ‘ते माझे नव्हे, नितेशचे काम’ असे एक वाक्य घरून तयार करून आणलेले होते. ते त्यांनी गिळले, कारण नितेश त्या दिवशी अमरावतीला होता आणि चुकीचे निदान त्यांच्याने पुन्हा होईना.

“कोन्तीच चालत नाई,” ते म्हणाले. “मी घातली. दोनदा फिरवली. चार भोकांची तीन झाली, नोझल गेलं. बावीस वर्सं तुमाले सांगून राहिलो, आन् गोठ्यात कोनी पायत नाई म्हनून हात गेला. आता मले कोनी ही पाटी धराले सांगू नका. किशोर, तूच धर.”

आता हशा पिकेल म्हणून ते मान खाली घालून थांबले. हशा काही पिकला नाही. पहिल्या नंबरला उभे असलेले गोवर्धनबुवा, वयाने मास्तरांहून चार पावसाळे मोठे, पंपाची नळी चाचपीत अस्वस्थपणे हलत होते. शेवटी त्यांनी नळीच्या टोकाचे पितळी नोझल फिरवून काढले आणि ओट्यावर ठेवले.

“सूर्यभान, तू सांगतलंच, तर मीबी सांगतो. हे नोझल माह्यं नोय.”

“मंग कोनाचं?”

“गावाचं.”

किशोरने दुकानात काहीतरी काम असल्याचा आव आणला, पण लोकांनी त्याला धरून ठेवले. हळूहळू सारे बाहेर पडले. चार वर्षांपूर्वी किशोरने एक उत्तम पितळी नोझल मागवले होते. ते वर्षभर गल्ल्याच्या खणात कापसात गुंडाळून असे आणि वर्षातून एकच दिवस, पाहणीच्या रविवारी, बाहेर येई. ज्याचा नंबर लागेल त्याच्या पंपावर ते बसे. खडूची खूण मिळाली की तो माणूस मागे जाई, खतांच्या पोत्यांआड नोझल काढून पुढच्याच्या हातात देई. चार वर्षे एकही पंप नापास झाला नव्हता, आणि मास्तर ही गोष्ट नातेवाइकांना अभिमानाने सांगत.

“आन् मले ओयखू नाई आलं?” मास्तर थक्क झाले होते.

“तुमचं ध्यान पाटीवर असते ना,” किशोर म्हणाला. “नोझलाकडं कुठी पायता तुमी!”

“पन काहून? काहून केलं असं?”

जो तो दुसऱ्याच्या पंपाकडे पाहू लागला. अखेर गोवर्धनबुवाच बोलले, “तुह्यं थे भाषन. उभ्यानं. गुडघे दुखतात बाप्पा.”

मास्तरांनी त्या पितळी नोझलाकडे आता प्रथमच नीट पाहिले. ते खरोखर सुरेख होते; वर्षातून एक दिवस, तेही साध्या पाण्यावर चालणारे नोझल आणखी शंभर वर्षे सुरेख राहिले असते. मग त्यांनी ते उचलून किशोरच्या खिशात टाकले.

“जा,” ते लोकांना म्हणाले. “आपापली नोझलं घेऊन या. खरी. भाषन नाई होनार.”

“नक्की?”

“भाषनाचा हक्क गेला माहा. आना.”

माणसे घरी गेली आणि कोणी छपरातून, कोणी पेटीतून, कोणी सदऱ्याच्या खिशातूनच खरी नोझले घेऊन परत आली. एका वर्तमानपत्रावर ती मांडली गेली. काट्याने टोकरलेली, तारेने खरवडलेली, एकात तर सुईचे मोडके टोक तसेच अडकलेले. आता लपवण्यासारखे कोणाजवळच काही न उरल्यामुळे लोक आपापल्या पापाचा इतिहास मोकळेपणाने सांगू लागले, आणि कोणाचे भोक जास्त मोठे यावर पैजा लागल्या. मास्तर पाटी धरीत, थेंब वाचीत, आणि नापास पंपांवर कोळशाची फुली मारीत. कोणते भिजवून सुधारेल आणि कोणते फेकायचे, एवढेच सांगत. क्वचित एखादे वाक्य भाषणाकडे वळू लागे, तेव्हा गोवर्धनबुवा नुसते गुडघ्याला हात लावीत.

घरी पोचायला त्यांना तीन वाजले. मैनाबाई ताट वाढून बसल्या होत्या. भाकरी वाळली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अकोल्याच्या वाटेवर नव्हती अशी थोडी काळजी होती.

“सांगतलं?”

“सांगतलं.”

“मंग?” त्यांनी सावधपणे विचारले. “गेला का मान?”

मास्तरांनी हातपाय धुतले नव्हते. हाताला कोळसा होता, सदरा भिजलेला होता, आणि आवाज भर दुपारी आळीच्या टोकापर्यंत जात होता.

“गेला असंन बाप्पा, मले पायाले फुरसत नाई भेटली,” ते पाटावर बसत म्हणाले. “चाळीसातले एकतीस नापास, मैना! एकतीस! असा रविवार नाई पाह्यला मी जन्मात.”